सह्याद्रीचा लहान शिंजीर

इंग्रजी वाचनपुस्तकातील हमिंगबर्डाचा धडा शिकून आलेली मुले घरी विचारतात की, हा पक्षी आपल्या डोंगरांत असतो काय? पुष्कळदा घरातील वडील मंडळी अंगणातील जास्वंदीवर भिरभिरणाऱ्या एका इवल्याशा पाखराकडे बोट दाखवून "तोच हा" असे सांगतात व मोकळी होतात. खेड्यांतील शाळांत शिक्षकांकडूनही हेच उत्तर मिळाल्याचे आम्ही ऐकिले आहे; आणि खरे सांगावयाचे तर एके काळी आम्हीही मुलांना हेच सांगत होतो. हे उत्तर चुकीचे आहे. पण चूक दुरुस्त करावयास बसलो असता आम्हांस असे दिसून आले की, ज्या पाखराकडे आपण बोट दाखवितो त्याची हकिकत त्या परदेशी पक्ष्याच्या हकिकतीहून आपणांस अधिक जवळची आहे. आणि त्या पाखरांच्या घराण्यातील एक जात तर अशी आहे की, ती सह्याद्रीच्या रांगा सोडून पृथ्वीवर अन्यत्र कोठेही राहत नाही. त्या जातीविषयी आज लिहावयाचे आहे.

प्रथम हमिंगबर्डाचा प्रश्न मिटवू. हा पक्षी अमेरिकेचा रहिवासी. त्याच्या तीनशेंहून अधिक जाती आहेत, व त्या सर्व उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत व त्यांच्या लगतच्या बेटांत राहतात. क्युबा बेटातील त्याची एक जात सर्व पक्ष्यांत लहान असून तिचे वजन सुमारे दोन ग्रॅम भरते. अँडीज पर्वताच्या उंच उतारांवर राहणाऱ्या काही जाती रात्रीच्या कडाक्यात आपल्या अंगातील उष्णता इतकी उतरू देतात की, त्या जवळजवळ निश्चेष्ट होतात, आणि सकाळी पुन्हा ऊब धरून फुलांवर येतात. जर्मनीत सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत ह्या घराण्यातील पक्ष्यांचे अवशेष मिळाल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे फार पुरातन काळी हे घराणे समुद्राच्या अलीकडेही होते. आज मात्र ते इकडे नाही, आणि हिंदुस्थानात ते कोणी रानात पाहिले असे म्हणेल तर त्याने दुसरेच काहीतरी पाहिले असे समजावे. बहुतेक वेळा तो शिंजीर असतो. कधी कधी, विशेषतः दिवेलागणीच्या सुमारास, फुलापुढे अधांतरी थरथरणारा व लांब सोंड फुलात घालणारा एक मोठा पतंग असतो. त्याने तर चांगल्या जाणत्यांनाही चकविले आहे.

हमिंगबर्डाचे जवळचे आप्त म्हणजे आपल्या पाकोळ्या. शिंजीर हा त्यांच्या गोत्राचा नव्हे. तो चिमणी, बुलबुल इत्यादी फांदीवर बसणाऱ्या व गाणाऱ्या पक्ष्यांच्या मोठ्या वर्गातला आहे. मग दोघे एकमेकांसारखे का दिसतात? दोघांचा धंदा एक आहे म्हणून. कोल्हापूरचा सुतार आणि दूरदेशीचा सुतार ह्यांचे काही नाते नसते, तरी रंधा दोघांचाही सारखाच असतो. फुलाच्या खोल नळीतील मध काढावयाचा तर चोच लांब, बारीक व किंचित वाकडी हवी, जीभ नळीसारखी हवी, अंग हलके हवे; म्हणून दोन भिन्न घराण्यांस दोन भिन्न खंडांत तीच हत्यारे लाभली. फरक पाहावयाचा असेल तर पक्षी मध पितो तेव्हा पाहावा. हमिंगबर्ड फुलासमोर हवेत एका जागी ठरतो, आणि मागेही उडू शकतो. शिंजीर फुलापुढे क्षणभर पंख फडफडवितो खरा, पण त्याची रीत देठाला, डहाळीला किंवा फुलालाच पायांनी धरून, प्रसंगी खाली डोके वर पाय करून, मध पिण्याची आहे.

कोल्हापूरच्या आसपास शिंजिराच्या चार-पाच जाती दिसतात. गावात, परसात व शेताच्या बांधावर दिसणारा काळा-निळा, उन्हात जांभळा चमकणारा, तो जांभळा शिंजीर. त्याच्याच बरोबरीने, पोटाशी पिवळा व पुठ्ठ्यावर जांभळा असा दुसरा एक असतो. ह्या दोघांना सर्वांनी पाहिलेलेच आहे, मग नाव ठाऊक असो वा नसो. पण कोल्हापुराहून पश्चिमेस गगनबावड्याची, राधानगरीची किंवा आंबा घाटाची वाट धरली, उसाचे मळे मागे पडले आणि डोंगराच्या कुशीतील गर्द झाडी लागली, म्हणजे तिसराच एक शिंजीर भेटू लागतो. त्यास आम्ही ह्या लेखापुरते 'लहान शिंजीर' म्हणतो. शास्त्रज्ञांनी त्यास दिलेल्या लॅटिन नावातील 'मिनिमा' ह्या शब्दाचा अर्थही 'सर्वांत लहान' असाच आहे.

हे नाव ठेवणारा गृहस्थ कर्नल विल्यम हेन्री साइक्स. तो मुंबईच्या फौजेतील अधिकारी. १८२४ साली सरकारने त्यास दख्खनची माहिती व आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर नेमिले. गावे, पिके, माणसे, पाऊस ह्यांची मोजदाद करिता करिता त्याने पक्षी, मासे व इतर जनावरेही टिपली, आणि दख्खनच्या पक्ष्यांची यादी १८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळीपुढे ठेविली. त्या यादीत हा लहान शिंजीर प्रथम शास्त्राच्या दप्तरी दाखल झाला. त्याच यादीत सह्याद्रीचा आणखी एक शिंजीर आहे. तो आकाराने मोठा, लांब शेपटीचा व गळ्याशी लालभडक असून, साइक्सने त्यास व्हिगर्स नावाच्या आपल्या एका विद्वान स्नेह्याचे नाव दिले. महसुलाच्या आकड्यांत बुडालेल्या माणसाला पाच ग्रॅमचे पाखरू दिसावे, ह्याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते. आपल्यांपैकी पुष्कळांचा जन्म त्याच डोंगरांत गेला, आणि आपण ते पाहिले नाही!

आता त्याचे रूप. चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत तो सुमारे ८ सेंटिमीटर भरतो, म्हणजे जवळजवळ चार बोटांची रुंदी. आणि त्यातही चोच व शेपटी वजा केली तर अंग म्हणून फारसे उरत नाही. वजन पाच ग्रॅमांच्या आसपास. जुन्या मापाने सांगावयाचे तर सोनाराच्या तराजूत तो अर्ध्या तोळ्यालाही पुरा उतरणार नाही. नराच्या पाठीचा रंग गर्द किरमिजी असतो. माथ्यावर हिरवी धातूसारखी चकाकी, गळ्यावर व पुठ्ठ्यावर जांभळी चकाकी, छातीवर किरमिजी रंगाचा रुंद पट्टा, आणि खाली पोट फिकट पिवळे. मादी ह्या मानाने साधी: वर हिरवट तपकिरी, खाली मळकट पिवळी. पण पुठ्ठ्यावर तिच्याही तांबूस रंग असतो, आणि इतर शिंजिरांच्या माद्यांतून तिला निवडून काढावयाची हीच खूण आहे.

नराची ही चकाकी नेहमी दिसत नाही, ह्यामुळे नवशिका घोटाळ्यात पडतो. सावलीत बसलेला नर काळपट दिसतो. तोच मान वळवितो आणि माथा हिरवागार पेटल्यासारखा होतो. पुन्हा वळतो आणि विझतो. ह्याचे कारण असे की, तो हिरवा व जांभळा रंग कपड्याला दिलेल्या रंगासारखा पिसात भिनविलेला नसतो. पिसांच्या अतिसूक्ष्म थरांवर उजेड आपटून परततो तेव्हा तो रंग उत्पन्न होतो. साबणाच्या फुग्यावर जे रंग खेळतात ते साबणात नसतात, तसेच हे समजावे. पाठीचा किरमिजी रंग मात्र पिसातलाच आहे, म्हणून तो सावलीतही ओळखू येतो. विणीचा हंगाम सरल्यावर नराची बरीचशी झळाळी पिसांबरोबर गळून पडते व त्याचे डोके मादीसारखे हिरवट होते. तरी पाठीवरील किरमिजी रंग तो सोडीत नाही. पिवळ्या पोटाच्या गावातल्या शिंजिराशी ह्याची गल्लत होण्यासारखी आहे. तो आकाराने थोडा मोठा असतो, वर्षभर एकच पोशाख वापरतो, आणि मुख्य म्हणजे तो उघड्यावरचा पक्षी आहे.

कारण लहान शिंजिराचे घर म्हणजे सावली. कोल्हापूर जिल्ह्यात पावसाची जी विलक्षण उतरंड आहे ती ध्यानात घेतल्यावाचून हे कळावयाचे नाही. घाटमाथ्यावरील गगनबावड्यास वर्षाकाठी सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाशी शिरोळास त्याचा जेमतेम दहावा हिस्सा मिळतो. म्हणून पश्चिमेस जांभूळ, हिरडा, अंजनी ह्यांची सदा हिरवी राने झाली आणि पूर्वेस माळ राहिले. लहान शिंजीर त्या हिरव्या पट्टीला धरून राहतो. मुंबईच्या आसपासच्या डोंगरांपासून दक्षिणेस केरळाच्या टोकापर्यंत सह्याद्रीची जी लांब पण अरुंद माळ गेली आहे, तीच त्याची मिरासी. तिच्यातही तो सदाहरित व निमसदाहरित रानात, रानाच्या काठाशी, आणि झाडांची सावली राखिलेल्या बागांत असतो. उन्हाळा, पाऊस आणि फुले ह्यांच्या मानाने तो डोंगर चढतो व उतरतो. पण पूर्वेकडील माळ ओलांडून दुसरीकडे घर करीत नाही. जांभळा शिंजीर राजस्थानच्या रखरखीतही संसार करितो. ह्यास ते साधत नाही.

दाजीपूरच्या रानाविषयी येथे दोन शब्द लिहिले पाहिजेत. कोल्हापूर संस्थानाच्या काळी हे जंगल शिकारीसाठी राखलेले होते. संस्थान १८४९ नव्हे तर १९४९ साली मुंबई प्रांतात विलीन झाले, हे तरुण वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण शाळकरी उत्तरपत्रिकांत ही शंभर वर्षांची चूक वारंवार आढळते. पुढे १९५८ साली तेथे गव्यांसाठी अभयारण्य झाले. महाराष्ट्रातील हे सर्वांत जुने अभयारण्य. १९८५ साली त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य सुमारे ३५१ चौरस किलोमीटरांचे झाले, आणि २०१२ साली पश्चिम घाटातील ज्या निवडक जागा जागतिक वारशाच्या यादीत गेल्या त्यांत त्याची गणना झाली. ह्या सर्व खटपटीत लहान शिंजिराचे नाव कोणाच्या मनातही आले नसेल. राजाने रान राखिले ते शिकारीसाठी, सरकारने राखिले ते गव्यासाठी. आणि हजार किलोच्या गव्याच्या आडोशाने पाच ग्रॅमचे पाखरूही राखले गेले.

त्याच रानाच्या काठाशी, फोंड्याच्या वाटेवर, एका माघ महिन्यात आम्ही ह्या पक्ष्यास प्रथम मन लावून पाहिले. वाटेच्या कडेला एक जुना हिरडा होता, व त्याच्या खांद्यावर बांडगुळाचे मोठे झुडूप वाढून लालसर नळीदार कळ्यांनी लगडले होते. आधी बारीक, तीक्ष्ण 'चिक् चिक्' ऐकू आली. मग पानांआडून एक ठिपका निघाला, कळ्यांच्या घोसावर उलटा लटकला, एका कळीला चोच लावून दुसरीकडे गेला, आणि आम्ही नीट निरखून पाहतो न पाहतो तोच दिसेनासा झाला. हा क्रम सकाळभर चालला होता. मध्ये दुसरा एक नर आला तेव्हा पहिल्याने त्याचा असा पाठलाग केला की, दोघे आमच्या कानाजवळून गेले. एवढ्याशा जिवाला एवढा राग कोठून येतो, असे तेव्हा वाटले. पण मधाने भरलेले झुडूप म्हणजे त्याची दौलत आहे, आणि त्याच्या पोटाचा हिशेब कडक आहे. अंग जितके लहान तितकी त्यातील ऊब लवकर निघून जाते. म्हणून त्याला दिवसभर घासामागून घास मिळवावा लागतो.

बांडगूळ हा शब्द आपण शिवी म्हणून वापरतो. दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या आळशी मनुष्यास आपण बांडगूळ म्हणतो, आणि झाडाच्या बाजूने पाहिले तर ते योग्यच आहे. कारण ते झाडाच्या फांदीत मुळे रोवून त्याचे पाणी ओढून घेते. आंब्याच्या बागेत ते माजले तर फळ कमी होते, म्हणून शेतकऱ्याने ते कापावे हे आम्हांस मान्य आहे. पण रानात त्याचे काम निराळे. त्याच्या कित्येक जातींची कळी तयार झाली तरी आपोआप नीट उमलत नाही. पक्ष्याने चोचीने टोक दाबले की ती एकाएकी फुटते आणि पराग त्याच्या कपाळावर उडतो. तो पराग घेऊन पक्षी पुढच्या फुलाकडे जातो. शिंजिराला मध मिळतो आणि बांडगुळाला बी धरते. पुढे ते बी फुलटोचा नावाचा दुसरा एक बारका पक्षी खातो, व त्याचा चिकट गर सुटत नाही म्हणून फांदीला पुसतो. तेथे नवे बांडगूळ रुजते. असे हे तिघांचे गाठोडे आहे. आपण ज्याला निरुपयोगी म्हणून शिवी दिली, त्याच्याच दारात ह्या रानातील सर्वांत सुंदर पाखरू पोट भरते.

तथापि केवळ बांडगुळावर वर्ष निघत नाही. पावसाच्या शेवटी मुरुडशेंगेची लाल फुले असतात, थंडीत सावर फुलते, मागोमाग पांगारा, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर डोंगरउतारावरील धायटी लालेलाल होते, तिच्या प्रत्येक लहानशा नळीत मधाचा थेंब असतो. परसात केळफूल लोंबत असेल तर तेही तो सोडीत नाही. ह्या साखळीतील एक कडी तुटली म्हणजे मधला महिना उपासाचा. शिवाय नुसता मध पुरत नाही. मध हे सरपण आहे. अंग वाढण्यास दुसरे अन्न पाहिजे. म्हणून तो पानांखालचे बारीक किडे व कोळी टिपीत असतो, आणि पिलांना तर मुख्यत्वेकरून हेच अन्न भरवितात. फुलाची नळी आपल्या चोचीपेक्षा फार लांब असली तर तो कधी कधी बुडाशी भोक पाडून मध चोरतो. तेव्हा त्याच्या कपाळाला पराग लागत नाही, आणि फुलाचे काही काम होत नाही. सर्वच व्यवहार सचोटीचे असतात असे नाही.

त्याची वीण वर्षातील पुष्कळ महिने चालते, पण आपल्याकडे मुख्य हंगाम मार्गशीर्षापासून फाल्गुन-चैत्रापर्यंतचा समजावा. घरटे लहान पिशवीसारखे असून ते खाली झुकलेल्या डहाळीच्या किंवा नेच्याच्या पानाच्या टोकाला लोंबत असते. बारीक तंतू, शेवाळ आणि कोळ्याच्या जाळ्याचे धागे हे त्याचे सामान. कोळ्याच्या धाग्याने सर्व घर बांधलेले असते. तो धागा ताणतो पण तुटत नाही, म्हणून पिले वाढली की पिशवीही थोडी सैल होते. आत म्हाताऱ्यांच्या कापसाचे, म्हणजे वाऱ्यावर उडणाऱ्या बियांच्या तुऱ्यांचे, मऊ अस्तर असते. बाजूला वरच्या अंगास दार. अंडी बहुधा दोन, पांढरट, त्यांवर तांबूस बारीक ठिपके. बाहेरून शेवाळ लाविल्यामुळे सर्व घरटे एखाद्या झाडावर अडकलेल्या ओल्या कचऱ्यासारखे दिसते. ही त्याची तटबंदी. पण हे घरटे पुष्कळदा माणसाच्या हाताला लागेल इतक्या खाली, रानवाटेच्या कडेला असते, आणि येथेच आपला त्याच्याशी संबंध येतो.

कारण जे महिने त्याच्या विणीचे, तेच आपले डोंगरावरील कामाचे. माघ-फाल्गुनात भाताच्या तरव्यासाठी राब करावयास डहाळ्या तोडल्या जातात, आणि सुकलेल्या गवताला काडी लावण्याचे दिवसही हेच. जुने गवत जाळले म्हणजे पुढच्या वर्षी चांगले येते, असा समज गावोगाव आहे. पहिल्या पावसानंतर कोंब हिरवे दिसतात खरे. पण उतारावरची माती उघडी पडून वाहून जाते, रोपे जळतात, आणि आग गवतापुरती राहत नाही. ती रानाच्या काठाशी शिरते. आणि लहान शिंजिराची घरटी तर काठाशीच असतात. मोठा पक्षी उडून दूर जातो. अंडी व पिले राहतात. गेल्या काही वर्षांत गावकऱ्यांनी जाळरेषा काढून व पाळ्या लावून कित्येक ठिकाणी वणवे अडविले आहेत. जेथे गावाने मनावर घेतले तेथे ते साधले.

देवरायांचीही गोष्ट अशीच. भोवतालचे डोंगर बोडके झाले तरी देवाच्या भीतीने कित्येक गावच्या राया उभ्या राहिल्या, आणि त्या आज ह्या पक्ष्याला एका रानातून दुसऱ्या रानात जाताना विसाव्याच्या जागा झाल्या आहेत. अशा ठिकाणी नवे बांधकाम करण्यासाठी चार-सहा जुनी झाडे पाडण्याचा विचार निघतो तेव्हा पंचांपुढे झाडांची किंमत लाकडाने मोजली जाते. तिच्यात बांडगुळाची, नेच्याची, शेवाळाची किंमत कोण धरणार? घाटमाथ्यावरील सड्यांच्या पोटात बॉक्साइट आहे, आणि ते काढावयाचे तर वरचे आवरण खरवडावे लागते. हाही एक प्रश्न त्या बाजूच्या गावांपुढे अनेक वर्षे आहे. लहान शिंजीर आज नामशेष होण्याच्या पंथाला लागलेला नाही, हे आम्ही मुद्दाम सांगतो. उगाच भय घालण्यात अर्थ नाही. जगातील धोक्यात आलेल्या जातींत त्याची गणना होत नाही. परंतु ज्याला दुसरे घर नाही त्याच्या घराची काळजी आधी घ्यावी लागते, एवढेच.

गलोलीविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. एका गावी सभा आटोपून आम्ही ओढ्याकाठी बसलो असता आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा काहीतरी मुठीत घेऊन आला व मोठ्या अभिमानाने त्याने मूठ उघडली. आत लहान शिंजिराचा नर होता. नेम खरोखर अचूक होता. अंग अजून ऊन होते. चोचीच्या टोकाशी मधाचा ओलावा होता. मुलाने त्यास उन्हात धरून हालविले तेव्हा माथा हिरवा झाला आणि विझला, पुन्हा हिरवा झाला. "मेला तरी चमकतोय," तो म्हणाला. आम्ही त्यास रागे भरलो नाही; त्या पाखराची अंडी बहुधा जवळच असतील व आता पिलांना चारा आणणारे एकच उरले, एवढे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारिले की, घरटे शोधून आपणच किडे भरविले तर चालेल काय? चालत नाही, असे सांगणे आम्हांस जड गेले.

ज्यांस हा पक्षी पाहावयाचा असेल त्यांनी माघ-फाल्गुनात सकाळी, ऊन रानात शिरण्याच्या वेळी, दाजीपूर, गगनबावडा, आंबा किंवा आंबोली ह्यांपैकी कोणत्याही रानाच्या काठी फुललेले बांडगूळ किंवा धायटी शोधावी आणि तिच्यापासून पंधरा-वीस पावलांवर स्वस्थ बसावे. हिंडत राहिल्यास तो दिसत नाही. लाल किंवा पांढरे कपडे घालू नयेत. मुलांना बरोबर न्यावे, पण घरटे आढळल्यास जवळ जाऊ देऊ नये व डहाळी वाकवून आत पाहू नये. वास लागला म्हणून आई अंडी टाकते हा समज खरा नसला तरी वारंवार त्रास झाला तर ती खरोखर घरटे सोडते, आणि आपण उघडून ठेविलेली वाट कावळ्याला सापडते.

राधानगरीच्या वरच्या अंगास राहणाऱ्या एका शेतकऱ्याने आम्हांस आपल्या राबाची जागा दाखविली होती. भोवतालच्या सर्व झाडांच्या डहाळ्या तोडून त्याने वाळत घातल्या होत्या. एका अंजनीची एकच फांदी तेवढी वाटेवर लोंबत होती, आणि तिच्या टोकाशी मूठभर शेवाळ हालत होते. बायकोने सांगितले म्हणून ठेवली, असे तो थोडा ओशाळून म्हणाला. आम्ही पुन्हा चैत्राच्या अखेरीस त्या वाटेने गेलो तेव्हा पिशवी रिकामी व सैल होऊन लोंबत होती. पिले उडून गेल्याचे त्याच्या मुलीने सांगितले. किती दिवस झाले तेही तिने बोटांवर मोजून सांगितले. मग त्याने कोयती काढून ती फांदी तोडली व राबावर टाकिली.